काचेला कुंकू दिसत नाही

नंदुरबारात माझं दुकान होतं तेव्हा दारावर एक पाटी होती. तिच्यावर माझं नाव आणि खाली ठळक अक्षरांत 'फोटोग्राफर' असं रंगवलेलं होतं. ती पाटी कुणी वाचल्याचं मला आठवत नाही. तापीच्या दोन्ही काठांवर लोक मला ओळखत ते 'ढोरस्ना फोटोवाला' म्हणून, म्हणजे गुराढोरांचा फोटोवाला. सुरुवातीला याचा मला फार राग येई. मुंबईच्या स्टुडिओत उमेदवारी करून आलेला मी माणूस. पडदा, खुर्ची, कागदाच्या फुलांची फुलदाणी, सगळा सरंजाम गाडीत घालून आणला होता. लग्नाची जोडपी, मुंजीतले बटू, बढती मिळालेले कारकून यांचे फोटो काढावेत आणि सुखानं भाकरी खावी एवढाच बेत होता. तो बेत तसा पारही पडला. पण नाव झालं ते बैलांवर, घोड्यांवर, आणि एकदा तर एका पोपटावर.

आता दुकान बंद आहे. लढाईच्या दिवसांत फोटोच्या काचा मिळेनाशा झाल्या, तोवर माझ्या डोळ्यांतही मोतीबिंदू उतरला होता. दोघांनी मिळून दुकानाला कुलूप लावलं म्हणा. हल्ली ओट्यावर बसून असतो. येणारे जाणारे विचारतात, मास्तर, धंद्यातल्या गमती सांगा. गमती सांगतो मी. पण माझ्या धंद्यात गंमत थोडी आणि चुटपुट फार, हे ऐकायला कुणी थांबत नाही. म्हणून ते इथं लिहितो आहे.

आमच्या भागात तेव्हा एक समज होता आणि अजूनही तो पुरता गेलेला नाही. फोटो काढला की आयुष्य घटतं. माणसाचं तसं जनावराचंही. शहरात शिकून आलेली मंडळी हसत, पण त्यांच्या घरच्या आया पोरांना माझ्या दुकानासमोरून नेताना पदराखाली घेत. मग फोटो कुणाचा काढायचा? तर ज्याचं आयुष्य घटायला फारसं उरलंच नाही त्याचा. भरात असलेल्या खोंडाचा फोटो कुणी काढू देत नसे. दृष्ट लागेल, आयुष्य घटेल, शिवाय फोटो कशाला, तो तर समोर उभाच आहे. तोच बैल म्हातारा होऊन बसला, वैरणीला तोंड लावीनासा झाला, की मग माणसांना फोटो हवा व्हायचा. मग गाडी जुंपून निरोप यायचा, मास्तरांना घेऊन या, लवकर. आमचा सगळा धंदाच वरातीमागून घोडं.

याला दुसरी एक बाजू होती, ती माझ्या यंत्राची. माझा कॅमेरा जुना, लाकडी पेटीचा. तीन पायांच्या घोडीवर तो उभा करायचा, काळं फडकं डोक्यावर घेऊन मागच्या धुरकट काचेत चित्र नीट दिसतं का ते पाहायचं. तिथं सगळं उलटं दिसतं, माणूस डोक्यावर उभा आणि आभाळ पायाखाली. मग ती काच बाजूला करून तिथं मसाला लावलेली काच बसवायची आणि पुढच्या भिंगावरचं झाकण हातानं काढायचं. जात्यावरच्या ओवीची एक ओळ म्हणून होईल तेवढा वेळ थांबायचं, आणि झाकण परत लावायचं. तेवढ्या वेळात समोरचं जे हललं त्याचं धुकं झालं. आता सांगा, तरणाबांडा बैल ओवीच्या ओळीपुरता तरी गप्प उभा राहतो का? शेपूट उडवील, कान हलवील, मान झटकील. सहा पायांचे आणि दोन शेपटांचे बैल मी पुष्कळ काढले आहेत. नीट येत ते म्हातारेच. ज्याच्या अंगात माशी उडवण्याचं बळ उरलं नाही, त्याचा फोटो सुरेख येई. माझ्या कलेची लोक तारीफ करत, आणि मला ठाऊक असे की ती तारीफ खरी कुणाची आहे.

तिसरी गोष्ट रंगांची. ही नीट समजून घ्या, कारण पुढच्या हकिगतीत ती लागणार आहे. त्या वेळच्या आमच्या काचांना लाल रंग दिसतच नसे. आम्ही अंधाऱ्या खोलीत लाल कंदील लावून काचा धूत असू, ते याच कारणानं. लाल उजेड काचेच्या लेखी अंधारच. म्हणून लाल लुगडं फोटोत काळं येई, गुलाल काजळीसारखा दिसे आणि बाईच्या कपाळावरचं कुंकू कोळशाचा टिळा लावल्यासारखं. हिरव्याचीही तीच गत. नंदुरबारच्या एका शेटाणीनं आपला म्हातारा राघू पिंजऱ्यासकट आणला होता. राघू बिचारा पिसं फुगवून, डोळे मिटून, अगदी पुतळ्यासारखा बसला. फोटो पाहून शेटाणी म्हणाल्या, हा तर कावळा आहे. मी त्यांना रंगांचं शास्त्र समजावलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि गावभर सांगितलं, मास्तरांनी माझ्या राघूचा कावळा केला. पुढं कित्येक दिवस पोरं माझ्या दारावरून जाताना काव काव करत.

हे झालं हसण्यावारी नेण्याजोगं. आता न हसण्याजोगं सांगतो.

म्हसावदच्या धनजीभाईंची बिजली नावाची घोडी होती. सारंगखेड्याच्या यात्रेत त्यांच्या वडिलांनी ती शिंगरू असताना घेतली होती. सगळ्या पंचक्रोशीतले नवरदेव तिच्यावर बसून मिरवले. ती पळायला लागली की मागं फक्त धूळ दिसे, असं तिथले लोक सांगत. मी तिला पाहिली तेव्हा तिच्या फासळ्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या आणि एका डोळ्यात फूल पडलं होतं. धनजीभाईंनी तिच्या अंगावर रेशमी झूल घातली, कपाळावर गोंडे बांधले. ती खांबासारखी उभी राहिली. फोटो इतका स्वच्छ आला की तिच्या पापण्या वेगळ्या मोजता याव्यात. धनजीभाई खूश होऊन तो घेऊन गेले.

घोडी गेल्यावर काही महिन्यांनी ते परत आले. फोटो फडक्यात गुंडाळलेला होता. तो त्यांनी माझ्या मेजावर ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, हाई तुम्हीच ठेवा. डोया मिटा का आते हाईच दिसस. ती पयताना दिसस नही."

त्यांना पळणारी बिजली आठवेनाशी झाली होती. डोळे मिटले की माझा फोटो समोर यायचा, फासळ्यांचा आणि पांढऱ्या डोळ्याचा. इतक्या वर्षांचं धावणं त्या एका काचेनं पुसून टाकलं. फोटो चांगला आला होता, हीच तर अडचण होती. तो अजून माझ्या ट्रंकेत आहे. टाकवत नाही आणि पाहवतही नाही.

त्या दिवशी मला शहाद्याच्या बाजारातला एक माणूस आठवला. बाजाराच्या दिवशी मी तिथं झाडाखाली कॅमेरा मांडून बसत असे. सातपुड्यातून उतरून आलेला एक म्हातारा पावरा आदिवासी आणि त्याची बायको माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांच्यामागं एक म्हातारं कुत्रं लंगडत आलं होतं आणि सावलीला आडवं झालं होतं. म्हाताऱ्याला फोटो नको होता. त्या काळ्या फडक्याखाली मी काय पाहतो, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. बाजारात त्याची भाषा समजणारा एक दुकानदार होता, त्यानं मध्ये पडून बोलणं जुळवलं. मी म्हाताऱ्याला फडक्याखाली डोकं घालू दिलं. त्याला त्याचं कुत्रं आभाळाला पाठ लावून उलटं झोपलेलं दिसलं. तो इतका हसला की फडकं हलायला लागलं. मग त्यानं बायकोला पाहायला लावलं, तीही हसली. मी म्हणालो, काढू का आता? म्हाताऱ्यानं मान हलवली. त्याच्या घरात चुलीचा धूर फार, कागद काळा पडेल, कशाला उगीच, असं तो म्हणाला. पाहिलं तेवढं पुरे. त्यानं शीळ घातली, कुत्रं उठलं आणि तिघं निघून गेली. मी तेव्हा दुकानदाराजवळ बडबडलो, गाढवाला गुळाची चव काय. धनजीभाई फोटो ठेवून गेले त्या दिवशी ती माझी बडबड मलाच आठवली आणि माझं तोंड कडू झालं.

पण हे सगळं ज्याच्यासाठी लिहायला बसलो ती हकिगत कळसाडीची आहे.

कळसाडीला सुपडूआप्पा नावाचे शेतकरी होते. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून जन्मल्याबरोबर आईनं त्यांना सुपात घालून घराबाहेर ठेवलं होतं, तेच नाव पडलं. अंगापिंडानं दांडगे, बोलायला मोजके. कपाशी आणि ऊस, घरचं गुऱ्हाळ, अशी बरी शेती. त्यांच्या बायकोचं नाव जमना. गाव तिला जमनामाय म्हणे, पण ती आई कुणाचीच नव्हती. घरात पाळणा हलला नाही. त्यांच्या एका गाईला साप डसला आणि चार दिवसांचं वासरू मागं राहिलं, ते जमनामायनं कापसाचा बोळा दुधात बुडवून बुडवून वाढवलं. रात्री उशाशी घेऊन निजायची, असं शेजारणी सांगत. त्याचं नाव पाखऱ्या. पुढं तोच पाखऱ्या त्यांच्या शेतात जन्मभर राबला. गुऱ्हाळाच्या चरकाभोवती त्यानं जेवढ्या फेऱ्या घातल्या त्यांची वाट सरळ धरली तर काशीला जाऊन परत येता आलं असतं, असं सुपडूआप्पा एकदा म्हणाले. त्यांच्या तोंडून ऐकलेलं तेवढंच लांब वाक्य.

पाखऱ्या बसला, उठत नाही, असा निरोप घेऊन त्यांचा गाडीवान माझ्याकडे आला. मी पेटी बांधली. प्रकाशा गावाशी नावेतून तापी ओलांडताना कॅमेरा मांडीवर घेऊन बसलो. पलीकडे गाडी तयार होती. काचा उन्हानं तापल्या की त्यांच्यावरचा मसाला सायीसारखा सुटून येतो, म्हणून त्या ओल्या गोणपाटात गुंडाळल्या होत्या आणि वाटेत जिथं विहीर लागेल तिथं गोणपाटावर पाणी मारत होतो. बाळंतिणीला न्यावं तशी आमची ती जपणूक.

पोचलो तेव्हा सकाळचं ऊन कोवळं होतं. गोठ्यापुढं निंबाचं मोठं झाड, त्याखाली पाखऱ्या चारी पाय पोटाशी घेऊन बसलेला. अंग पांढरं शुभ्र, शिंगं कमानीसारखी, अजून तासून रंगवलेली. मान मात्र सावरत नव्हती, घडीघडीला भुईला टेकत होती. सुपडूआप्पांच्या मनात होतं की फोटोत तो उभा दिसावा, होता तसा. त्यांनी चार गडी आणि दोन वेळू आणून ठेवले होते. पोटाखालून वेळू घालून उचलायचा आणि मी झटकन काढायचा. गड्यांनी वेळू आत सरकवले तसा पाखऱ्या कण्हला. जमनामाय घरातून पूजेचं ताट घेऊन येत होती, ती धावलीच.

"त्याले उठाडू नका," ती म्हणाली. "बठेल शे तसाच ऱ्हाऊ द्या."

सुपडूआप्पांनी गड्यांना हातानं खूण केली आणि वेळू मागं घेतले गेले. बसलेल्या बैलाचाच फोटो काढायचं ठरलं. आता प्रश्न मानेचा उरला. ती कुणीतरी धरायला हवी. गड्यानं धरली तर पाखऱ्या झटके देई. जमनामाय जवळ बसली, हनुवटीखाली हात घातला, आणि तो शांत झाला. मी फडक्याखालून पाहिलं. धुरकट काचेत ती दोघं उलटी दिसत होती. मी बाहेर येऊन म्हणालो, माय, हे असंच राहू दे, दोघांचा सुंदर येईल.

ती हसली. "माले नको, मास्तर. मन्ही उमर अजून बाकी शे."

मी थोडं समजावून पाहिलं. स्वतःचाही फोटो काढून घेतला आहे आणि अजून जिवंत आहे, असंही सांगितलं. तिचं म्हणणं बदललं नाही. बायकोच्या नको म्हणण्यावर सुपडूआप्पांनी कधी दुसरा शब्द काढला असेल असं वाटत नाही. शेवटी तिनंच तोड काढली. पोळ्याची मोठी झूल तिनं पाखऱ्याच्या मानेमागं पसरून घ्यायला लावली. ती त्या झुलीखाली लपून बसणार आणि खालून फक्त हात पुढं करून मान धरणार. शहरातही आया तान्ह्या पोरांना अशाच पडद्याआडून धरतात, हे मी मुंबईला पाहिलं होतं. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं.

लपण्याआधी तिनं ताट पुढं ओढलं. ओवाळायचं आणि कपाळाला कुंकू लावायचं तेवढं राहिलं होतं. इथं मला बोलणं भाग होतं. मी सांगितलं, माय, कुंकू फोटोत काळं येतं. त्याचं कपाळ इतकं पांढरं आहे, त्याच्यावर काळा डाग दिसेल. तिनं विचारलं, काळं कसं काय? मी म्हणालो, या काचेला लाल दिसतच नाही.

ती बोट कुंकवात बुडवून थांबली होती. क्षणभर तिनं माझ्या पेटीकडे पाहिलं.

"तुमन्या काचले दिसस नही ते नही दिसो," ती म्हणाली. "पाखऱ्याले ठाऊक शे."

आणि तिनं त्याच्या कपाळावर, शिंगांच्या मधोमध, बोटभर कुंकू ओढलं. ओवाळलं. मी मसाल्याची काच पेटीत बसवली, तिच्यावरची फळी ओढून काढली. आता फक्त झाकण उचलायचं बाकी होतं. ती अजून झुलीखाली गेली नव्हती. पाखऱ्याच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, ते ती पदरानं टिपत बसली होती. त्याचं डोकं तिच्या मांडीवर. निंबातून उतरलेला उजेड तिच्या तोंडावर पडला होता, पदर मागं सरकला होता, आणि समोर कॅमेरा आहे, चार गडी आहेत, मी आहे, याचं तिला भानच नव्हतं. ती त्याच्याशी काहीतरी पुटपुटत होती. आयुष्यात मी असंख्य चेहरे समोर बसवले. कॅमेऱ्याला विसरलेला चेहरा मला फार थोड्या वेळा भेटला.

माझा हात झाकणावर होता. उचललं असतं तर कुणाला कळलंही नसतं. जवळ दुसरी काच होती, ती मग पाखऱ्यासाठी वापरता आली असती. पण ती नको म्हणाली होती. मी हात तसाच ठेवून थांबलो. ती झुलीखाली गेली, खालून तिचा हात आला, मान वर झाली, पाखऱ्यानं डोळे उघडे ठेवले, आणि मी झाकण काढलं.

फोटो चांगला आला. तो तयार होईपर्यंत पाखऱ्या गेला होता. त्याला त्यांनी शेतातच, विहिरीच्या कडेला, मीठ घालून पुरला. मी फोटो घेऊन स्वतः कळसाडीला गेलो. जमनामायनं तो हातात घेतला आणि बराच वेळ पाहत राहिली. कपाळावरची काळी रेघ पाहून ती काही म्हणाली नाही. पण हनुवटीखाली चार बोटं दिसत होती, त्यांतल्या एकाचं टोक काळंभोर, ते पाहून ती दचकली. कुंकू लावलेलं बोट तिनं पुसलंच नव्हतं. माझी बोटं कशाला आली, ही झाका, असं ती म्हणाली. बोटांपुरती का होईना, उमर गेलीच की. ती हे हसत म्हणाली, पण झाका म्हणाली ते खरंच. मी फोटोवर जाड पुठ्ठ्याची चौकट बसवली. तिची खिडकी अशी कापली की पाखऱ्याची शिंगं पूर्ण दिसावीत आणि हनुवटीपाशी फोटो संपावा. बोटं पुठ्ठ्याखाली गेली. वर काच, भोवती लाकूड. सुपडूआप्पांनी तो पुढच्या पडवीत खुंटीला लावला.

दोन पावसाळे गेले. तिसऱ्याच्या अखेरीस आमच्याकडे हिवतापाची साथ आली. जमनामाय त्यात गेली. मला ते शहाद्याच्या बाजारात कळलं. तेरावं झाल्यावर थोड्याच दिवसांनी सुपडूआप्पा माझ्या दुकानात आले. काखेत तो फोटो होता, लाकडी चौकटीसकट. अंग निम्मं झालं होतं. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. मनातून मला भीती वाटत होती. वाटलं, हे आता विचारणार, मास्तर, तुमच्या फोटोनंच नेली ना तिला? गावात कुणीतरी तसं म्हटलं असणारच. त्याला उत्तर काय द्यायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होतो.

त्यांनी विचारलं ते वेगळंच होतं.

"मास्तर," ते म्हणाले, "त्या दिवशी तुम्हीन तिना एखादा फोटो चोरीथीन काढा व्हता का? काढा व्हई तर सांगा. माले राग नही."

मी तिचं ऐकलं नसेल, अशी आशा धरून तो माणूस तापी ओलांडून आला होता. माझा हात झाकणावर होता तेव्हा ते चार पावलांवर उभे होते. त्यांनी ते पाहिलं असेल आणि इतके दिवस मनात धरून ठेवलं असेल. मी तिचं ऐकलं यात माझं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. ती नको म्हणाली होती, आणि नको म्हणजे नको. पण त्या दिवशी सुपडूआप्पांना 'नाही' म्हणताना मला जेवढं जड गेलं तेवढं आयुष्यात दुसरं काही जड गेलेलं नाही. मी चोर असतो तर बरं झालं असतं, असं मला मनापासून वाटलं.

त्यांनी मान हलवली. मग तो फोटो मेजावर ठेवला आणि विचारलं, ती त्या झुलीखाली आहे ना, तुम्हा लोकांना काहीतरी करता येत असेल, झूल दूर करता येते का? मी सांगितलं की काचेवर जे पडलं नाही ते काढता येत नाही. झुलीखाली फोटो नाही, तिथं नुसती झूलच आहे. हे सांगतानाच मला पुठ्ठ्याची आठवण झाली.

मी मागचे खिळे काढले. काच बाजूला केली, पुठ्ठा सोडवला. पाखऱ्याच्या हनुवटीखाली ती चार बोटं होती, इतके दिवस अंधारात राहिल्यामुळं बाकीच्या फोटोपेक्षा ताजी. मनगटावर गोंदलेलं तुळशीवृंदावन अर्धं दिसत होतं, बांगडीची कड दिसत होती. सुपडूआप्पा खुर्चीवरून उठले आणि मेजावर वाकले. त्यांनी बोट लावलं नाही. नुसतं पाहिलं. मग धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

चौकट मात्र तेवढीच होती. बोटं दिसायची तर खिडकी खाली सरकवावी लागणार होती, आणि मग पाखऱ्याची शिंगं पुठ्ठ्याखाली जाणार होती. मी त्यांना ते समजावलं. मोठी चौकट करून देतो, चार दिवसांनी न्या, असंही म्हणालो. त्यांना थांबायचं नव्हतं. शिंगं जाऊ द्या, म्हणाले. बैलाचं वैभव शिंगांत असतं, हे सांगायला कुणब्याला फोटोवाला लागत नाही. तरी ते जाऊ द्या म्हणाले. मी नवा पुठ्ठा कापला.

बसवण्याआधी सवयीनं मी फोटो उजेडात धरून पाहिला. त्या एका बोटाचं काळं टोक फार डोळ्यांत भरत होतं, बोट भाजल्यासारखं दिसत होतं. असे डाग झाकायला आमच्याकडे पांढरा रंग आणि बारीक कुंचला असतो. निदान तेवढं तरी नीट करून द्यावं म्हणून मी कुंचला भिजवला.

सुपडूआप्पांनी माझं मनगट धरलं.

"ते ऱ्हाऊ द्या, मास्तर," ते म्हणाले. "ते कुंकू शे."

मी कुंचला धुऊन ठेवला आणि फोटोवर काच बसवली.